पगार निम्मा करणारा सीईओ: सातोरू इवाता नेमके कोण होते?

आयटीत लेऑफची बातमी आली की एक रील हमखास फिरायला लागतं. चष्मा लावलेला, मधोमध भांग पाडलेला एक जपानी माणूस, मागे हळवा पियानो आणि वर मजकूर: कंपनी तोट्यात गेली तेव्हा या सीईओने कर्मचाऱ्यांना काढलं नाही, स्वतःचा पगार निम्मा केला. खाली कमेंट्समध्ये लोक आपापल्या मॅनेजरला टॅग करत असतात. हा माणूस म्हणजे सातोरू इवाता. निन्टेंडो या गेम कंपनीचे २००२ ते २०१५ या काळातले प्रेसिडेंट.

रीलमधली गोष्ट खोटी नाही. पण ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी जास्त भारी आहे. कारण हा माणूस मुळात प्रोग्रामर होता, आणि तोही असातसा नाही. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हा लेख थोडा पक्षपाती होणार. तेवढं चालवून घ्या.

आधी एक गंमत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इवातांचा कोड चालवलेला असू शकतो, तोही लहानपणी, आपल्या घरच्या टीव्हीवर. जत्रेत किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा तो स्वस्तातला व्हिडीओ गेम आठवतोय? त्यात ती पिवळी कॅसेट, जिच्यावर '९९९९ इन वन' लिहिलेलं असायचं आणि आत मोजून पंधरा-वीस गेम निघायचे? ते डबे म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या मशीनच्या नकला होत्या. त्या कॅसेटमध्ये मारिओ आणि काँट्राच्या सोबतीला फुगे बांधून उडणारा एक माणूस असायचा. तो बलून फाइट. प्रोग्रामर: सातोरू इवाता.

कॅल्क्युलेटरवर गेम

इवातांचा जन्म ६ डिसेंबर १९५९ चा, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहरातला. वडील सरकारी अधिकारी, पुढे ते मुरोरान नावाच्या शहराचे महापौर झाले. म्हणजे घर सुशिक्षित, वजनदार, आणि मुलाने काय करावं याबद्दल ठाम मत असणारं. ओळखीचं वाटतंय ना?

हायस्कूलच्या वयात सातोरूने भांडी घासायचं पार्टटाइम काम केलं, त्यात वडिलांकडून थोडी भर घेतली आणि एचपी-६५ विकत घेतला. हा हेवलेट-पॅकार्डचा कॅल्क्युलेटर १९७४ मध्ये बाजारात आला होता. हातात मावणारा, आणि चक्क प्रोग्राम करता येणारा. प्रोग्राम किती मोठा? जास्तीत जास्त १०० स्टेप्स. स्क्रीनवर फक्त आकडे. त्यावर या पोराने गेम लिहिले. चित्र नाही, आवाज नाही, नुसते आकडे बदलतायत आणि ते बघून समजायचं की बॉल कुठे आहे. वर्गात शेजारी बसणारा मित्र ते खेळायचा आणि खूश व्हायचा. हा त्याचा पहिला युजर.

मला यातली १०० स्टेप्सची मर्यादा फार महत्त्वाची वाटते. आज आपण एखादं साधं टॉर्चचं ॲप डाउनलोड करतो तेही कित्येक एमबीचं असतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ज्याने प्रोग्रामिंगची सुरुवातच १०० ओळींच्या पिंजऱ्यात केली, त्याला पुढे आयुष्यभर एक सवय लागली: जागा नाही म्हणून रडायचं नाही, आहे त्या जागेत बसवायचं.

१९७८ मध्ये तो तोक्योला टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला. त्याच सुमारास त्याने कमोडोर पेट हा पर्सनल कॉम्प्युटर घेतला आणि तो उघडून आत काय आहे तेही बघितलं. इकेबुकुरो भागातल्या सेइबू डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कॉम्प्युटरचं एक दालन होतं. तिथे त्याच्यासारखी वेडी मंडळी जमायची, एकमेकांचे प्रोग्राम बघायची. त्याच मंडळींपैकी काहींनी १९८० मध्ये एक छोटी कंपनी काढली: हॅल लॅबोरेटरी. नावामागची आयडिया अशी की आयबीएम या अक्षरांच्या एकेक पाऊल पुढे हवं. इंग्रजीतल्या आयच्या आधी एच, बीच्या आधी ए, एमच्या आधी एल. कॉलेजच्या पोरांना शोभेल असाच माज.

सातोरू तिथे आधी पार्टटाइम होता. १९८२ मध्ये डिग्री हातात पडल्यावर तो फुलटाइम रुजू झाला. चांगल्या संस्थेतून इंजिनिअर झालेला मुलगा मोठ्या कंपनीत न जाता कुणी नावही न ऐकलेल्या, मूठभर लोकांच्या दुकानात गेम बनवायला गेला. वडील त्याच्याशी सहा महिने बोलले नाहीत.

थोडं टेक्निकल, पण सोपं करून सांगतो

१९८३ मध्ये निन्टेंडोने जपानमध्ये फॅमिकॉम आणलं आणि हॅलची मंडळी काम मागायला क्योतोला, निन्टेंडोच्या दारात जाऊन उभी राहिली. इथे नशिबाने साथ दिली. फॅमिकॉमचा प्रोसेसर ६५०२ या चिपवर आधारलेला होता, आणि इवातांच्या कमोडोर पेटमध्ये हीच ६५०२ होती. बाकीचे लोक या चिपचं मॅन्युअल उघडत होते तेव्हा इवातांना ती आतून-बाहेरून पाठ होती.

पहिली मोठी परीक्षा म्हणजे १९८४ चा गोल्फ. निन्टेंडोला एका कार्ट्रिजमध्ये १८ होल्सचं पूर्ण मैदान हवं होतं. इतर कंपन्यांनी हात वर केले होते, कारण त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये जागा असायची काही किलोबाइट. किती कमी ते कळावं म्हणून सांगतो: फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग फोटो त्या अख्ख्या गेमपेक्षा मोठा असतो. इवातांनी हो म्हटलं, आणि मग मैदानांचा डेटा दाबून बसवण्यासाठी स्वतःची कॉम्प्रेशनची पद्धत लिहिली. कॉम्प्रेशन म्हणजे काय? समजा एका ओळीत वीस वेळा हिरवा ठिपका आहे. तर 'हिरवा, हिरवा, हिरवा' असं वीस वेळा लिहून ठेवण्यापेक्षा 'हिरवा गुणिले वीस' एवढंच लिहायचं. हे अगदी ढोबळ उदाहरण झालं, पण तत्त्व हेच. झिप फाइल काय, व्हॉट्सॲपचा फोटो काय, सगळे याच कुळातले.

दुसरी गोष्ट बलून फाइटची, आणि ही माझी सगळ्यात आवडती. हा गेम आर्केड मशीनवरही होता आणि फॅमिकॉमवरही. फॅमिकॉमचं व्हर्जन इवातांचं. हार्डवेअर गरीब, तरी त्यात माणूस जास्त मऊ, जास्त तरंगल्यासारखा उडायचा. असं कसं?

स्क्रीनवर पिक्सेल असतात पूर्णांकात. तुमचं पात्र १० नंबरच्या पिक्सेलवर असेल नाहीतर ११ वर, साडेदहावर नसतं. म्हणून साधा प्रोग्रामर जागा पूर्णांकातच साठवतो, आणि मग हालचाल झटके खात होते. इवाता पात्राची जागा दशांश धरून मोजायचे. स्क्रीनवर दाखवताना १०, पण आतल्या हिशोबात ते १०.३ वर, मग १०.७ वर, मग ११.१ वर. डोळ्याला वेग हळूहळू वाढताना आणि हळूहळू कमी होताना दिसतो. आर्केड व्हर्जनवर काम करणारे प्रोग्रामर तोशिहिको नाकागो यांनी इवातांना हे कसं जमलं ते विचारलं आणि इवातांनी सगळं सांगून टाकलं. नाकागो पुढे सुपर मारिओ ब्रदर्सचे प्रोग्रामर. मारिओ पाण्यात शिरल्यावर जो संथ पोहतो ना, त्यामागे ही युक्ती आहे.

यात मला जास्त काय भावतं सांगू? युक्तीपेक्षा ती देऊन टाकणं. दुसऱ्या कंपनीतला माणूस विचारतोय आणि हा सांगतोय. आज स्टॅक ओव्हरफ्लोच्या जिवावर जगणाऱ्या आपल्या पिढीला यात विशेष वाटणार नाही, पण १९८० च्या दशकात अशा युक्त्या लोक तिजोरीत ठेवायचे.

दीडशे कोटी येनचं कर्ज आणि ३३ वर्षांचा प्रेसिडेंट

१९९२ मध्ये हॅल बुडायला आली. त्याच वर्षी तिचा कर्बी हा गुलाबी गोळ्याचा गेम आला होता आणि पुढे तो ५० लाखांवर खपला, पण तोवर कर्ज डोक्यावरून गेलं होतं. दीडशे कोटी येन. निन्टेंडोचे त्या वेळचे सर्वेसर्वा हिरोशी यामाउची यांनी मदतीची तयारी दाखवली, अट एकच: इवाताला प्रेसिडेंट करा. १९९३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, बिझनेसचं कुठलंही शिक्षण नसलेला हा प्रोग्रामर कर्जात बुडालेल्या कंपनीच्या खुर्चीत बसला.

इथे त्यांनी काय केलं ते नीट बघा. पहिला महिनाभर ते कंपनीतल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलले. ऐंशी-नव्वद माणसं. काय करतोस, काय अडतंय, कशाचा राग आहे. आणि हे एकदा करून थांबले नाहीत, वर्षातून दोनदा हा कार्यक्रम चालू ठेवला. काहींशी बोलणं वीस मिनिटांत संपायचं, काहींशी तीन तास चालायचं.

मला हे वाचताना माझ्या आधीच्या एका कंपनीतली सोमवारची सकाळ आठवली. नाव राहू दे. टीममधल्या तिघांचे लॉगिन चालेनात. आम्हाला वाटलं सर्व्हर डाऊन आहे. दुपारी कळलं की तिघेही गेले. त्यातल्या एकीने लिहिलेली सिस्टीम आमच्यात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती, आणि ज्याने ती यादी केली त्याला हे माहीतच नव्हतं, कारण तो तिच्याशी कधी बोललाच नव्हता. यादी एक्सेलमध्ये झाली होती.

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर इवाता डिबगिंग करत होते. कंपनी क्रॅश झालीय, तर आधी लॉग वाचा. फक्त इथे लॉग माणसांच्या पोटात होता. कर्ज दरवर्षी पंचवीस कोटी येन अशा हिशोबाने फेडत सहा वर्षांत संपलं, १९९९ मध्ये.

आणि हे सगळं चालू असताना साहेब कोडही लिहीत होते! शिगेसातो इतोई या प्रसिद्ध लेखकाचा मदर २ हा गेम चार वर्षं रखडला होता. इवातांना मदतीला बोलावलं. त्यांनी पाहणी करून दोन पर्याय ठेवले: आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, सगळं नव्याने लिहायचं तर सहा महिने. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला विचारा, चार वर्षांचं काम फेकून द्या असं सांगणाऱ्या कन्सल्टंटचं काय होतं ते. इतोईंनी दुसरा पर्याय निवडला. इवातांनी आधी गेम लिहायला घेतला नाही, आधी टूल्स बनवली, म्हणजे अडकून पडलेल्या बाकीच्या लोकांना एकाच वेळी आपापलं काम करता येईल. ऑगस्ट १९९४ मध्ये गेम बाजारात आला.

मग पोकेमॉन. १९९६ चे पहिले पोकेमॉन गेम गेम बॉयसाठी होते, गेम फ्रीक या छोट्या कंपनीने बनवलेले. ते युद्ध निन्टेंडो ६४ या मोठ्या मशीनवर, पोकेमॉन स्टेडियममध्ये आणायचं होतं. गेम फ्रीककडे माणसं नव्हती आणि कोडचं डॉक्युमेंटेशनही नव्हतं. इवातांनी, जे तेव्हा हॅलचे प्रेसिडेंट होते आणि निन्टेंडोचे नोकरही नव्हते, मूळ कोड मागवला, वाचला आणि एका आठवड्यात युद्धाचा भाग नव्या मशीनवर चालवून दाखवला. दुसऱ्याचा असेम्ब्ली कोड, कागदपत्रांशिवाय, एका आठवड्यात. मी नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात लॅपटॉप सेटअप करत असतो.

पुढच्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरसाठी त्यांनी ग्राफिक्स कॉम्प्रेस करायचं टूल दिलं. इंटरनेटवर ही गोष्ट फुगवून सांगतात, की इवातांनी एकट्याने जादू केली आणि अख्खा दुसरा प्रदेश गेममध्ये मावला. एवढी हवा भरायची गरज नाही. टूल दिलं, हेच पुरेसं मोठं आहे.

निन्टेंडोच्या खुर्चीत

२००० मध्ये ते निन्टेंडोत कॉर्पोरेट प्लॅनिंगचे प्रमुख म्हणून आले. २००१ मध्ये सुपर स्मॅश ब्रदर्स मेले हा गेम वेळेत निघणार नाही अशी चिन्हं दिसायला लागली, तर हा कोट-टायमधला अधिकारी हॅलमध्ये जाऊन तीन आठवडे बग शोधत बसला. गेम नोव्हेंबरमध्ये ठरलेल्या दिवशी आला. प्रत्यक्ष इंजिनिअर म्हणून त्यांचं हे शेवटचं काम.

मे २००२ मध्ये यामाउचींनी त्यांना निन्टेंडोचं प्रेसिडेंट केलं. ही साधी बढती नव्हती. निन्टेंडो १८८९ ची, हानाफुदा नावाचे पत्ते बनवणारी क्योतोची कंपनी. १०० वर्षांहून जास्त काळ ती एका घराण्याकडे होती, यामाउची तर १९४९ पासून खुर्चीत. इवाता चौथे प्रेसिडेंट आणि त्या घराण्याशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसलेले पहिले.

परिस्थिती वाईट होती. त्यांचं गेमक्यूब मशीन अखेरीस २ कोटींच्या थोडं वर विकलं गेलं, सोनीचं प्लेस्टेशन २ १५ कोटींच्या वर. सगळ्यांचा सल्ला एकच: अजून ताकदवान मशीन बनवा. इवातांनी उलटा प्रश्न विचारला, की जे लोक गेम खेळतच नाहीत ते का खेळत नाहीत? उत्तर समोर होतं: कंट्रोलरवरची बटणं बघूनच ते घाबरतात.

२००४ मध्ये निन्टेंडो डीएस आलं. दोन स्क्रीन, ही कल्पना यामाउचींची, आणि त्यातली एक टचस्क्रीन. तारीख लक्षात घ्या: आयफोनच्या जवळपास अडीच वर्षं आधी. ही टचस्क्रीन तुमच्या फोनसारखी नव्हती, दाबाने चालायची, म्हणजे दोन पातळ थर एकमेकांना टेकले की मशीनला जागा कळायची. म्हणून सोबत एक छोटी काडी असायची. पण बोट किंवा काडी लावायची आणि गोष्ट हलते, हे लाखो आजी-आजोबांनी पहिल्यांदा फोनवर नाही, डीएसवर अनुभवलं. ब्रेन ट्रेनिंग म्हणजे रोज थोडी गणितं आणि कोडी सोडवायचा गेम, तो जपानमधल्या म्हाताऱ्या माणसांनी रांगा लावून घेतला. डीएस विकलं गेलं १५ कोटी ४० लाख.

२००६ मध्ये वी आलं. इवातांनी इंजिनिअरांना सांगितलेलं माप भारी आहे: डीव्हीडीच्या दोन-तीन डब्या एकावर एक ठेवल्यावर होते तेवढीच जाडी. कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा, आत ॲक्सेलरोमीटर, म्हणजे तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन फिरवणारा तोच सेन्सर. हात हलवा, टेनिस खेळा. प्रोसेसर प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कितीतरी कमजोर, त्यावरून रिव्ह्यूवाल्यांनी भरपूर टिंगल केली. विक्री १० कोटींच्या वर.

आता ती पगाराची गोष्ट

२०११ च्या फेब्रुवारीत ३डीएस आलं, किंमत २५ हजार येन. चाललं नाही. लोकांच्या हातात आता स्मार्टफोन होते आणि त्यावर गेम फुकट होते. सहा महिन्यांच्या आत इवातांनी किंमत थेट १५ हजार येनवर आणली. ज्यांनी आधी महाग घेतलं त्यांना भरपाई म्हणून २० जुने गेम फुकट दिले, आणि स्वतःचा पगार ५० टक्के कापला. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात निन्टेंडोला ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. पुढे ३डीएस सावरलं, पण वी यू हे नवं मशीन सपशेल आपटलं. नावामुळे बऱ्याच लोकांना ते जुन्या वीचं काहीतरी जोडायचं उपकरण वाटलं. एका वर्षात ९० लाख विकायचा अंदाज होता, जानेवारी २०१४ मध्ये तो २८ लाखांवर आणावा लागला. इवातांनी पुन्हा पाच महिने पगार निम्मा केला.

आता रीलमध्ये जे सुटतं ते. पगारकपात कर्मचाऱ्यांचे पगार भागवण्यासाठी नव्हती. एका माणसाच्या पगारातून हजारो लोकांचा खर्च निघत नाही, हे गणित तुम्हीही करू शकता. जपानमध्ये निकाल वाईट आले की वरच्यांनी पगार कापून घेणं ही जबाबदारी मान्य करायची पद्धत आहे. इवातांची ती माफी होती. नोकरकपातीबद्दल ते बोलले ते वेगळ्या ठिकाणी, २०१३ मध्ये भागधारकांसमोर. त्यांचं म्हणणं असं की माणसं काढून थोडे दिवस ताळेबंद बरा दिसेल, पण ज्याला आपली नोकरी जाईल अशी धास्ती आहे तो जगाला आवडेल असा गेम बनवू शकत नाही.

हे सगळ्यांनाच परवडतं का? नाही. निन्टेंडोकडे डीएस आणि वीच्या दिवसांत जमवलेली प्रचंड रोकड होती आणि कर्ज जवळपास नव्हतं. ज्या स्टार्टअपकडे सहा महिन्यांचेच पैसे आहेत तिच्या मालकाला इवातांचा फोटो टॅग करून उपयोग नाही. आणि चित्र इतकं स्वच्छही नव्हतं. २०१४ मध्ये निन्टेंडोने युरोपातला कारभार आवरता घेतला, जर्मनीतलं ग्रोसओस्टहाइमचं ऑफिस बंद केलं आणि तिथल्या १०० हून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. हे रीलमध्ये येत नाही. मला तरीही इवातांबद्दलचा आदर कमी झालेला नाही. हॅलमध्ये हाती रोकड नव्हती, उलट कर्ज होतं, आणि तरी त्यांनी सुरुवात माणसांशी बोलण्यापासून केली होती. पैसे होते म्हणून चांगुलपणा सुचला, असं हे प्रकरण नाही.

स्मार्टफोनच्या बाबतीत मात्र त्यांनी उशीर केला असं माझं मत आहे. वर्षानुवर्षं ते आपले गेम फोनवर आणायला नकार देत राहिले. कारण समजतं: ज्या दुकानात बहुतेक गेम फुकट असतात तिथे आपल्या मालाची किंमत कोण ठेवणार? पण डीएसने ज्यांना पहिल्यांदा गेमकडे ओढलं, तेच आजी-आजोबा आणि कॉलेजची पोरं दरम्यान फोनकडे निघून गेली होती.

शेवटी मार्च २०१५ मध्ये त्यांनी डीएनए या मोबाइल कंपनीशी करार जाहीर केला, आणि त्याच दिवशी एका नव्या मशीनचं सांकेतिक नाव सांगितलं: एनएक्स. लोकांना वाटू नये की निन्टेंडो आता मशीन बनवणं सोडतंय. पोकेमॉनच्या फोनवरच्या गेमवर तर ते पोकेमॉन कंपनीच्या त्सुनेकाझू इशिहारांबरोबर आधीपासून काम करत होते. तो गेम जुलै २०१६ मध्ये आला: पोकेमॉन गो. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या ॲडमिशनच्या रांगेत होतो आणि आमच्यातले निम्मे लोक फोनकडे बघत रस्ता ओलांडत होते. भारतात तो अधिकृतपणे यायला डिसेंबर उजाडला, जिओच्या भागीदारीत, आणि रिलायन्स डिजिटलची दुकानं पोकेस्टॉप झाली. पण जुलैपासून सगळ्यांनी कुठून कुठून एपीके मिळवून टाकलंच होतं, ते काय सांगायचं.

इवातांनी यातलं काहीच बघितलं नाही. जून २०१४ मध्ये डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही म्हणून ते ई३ या गेमच्या मोठ्या प्रदर्शनाला गेले नाहीत. मग कळलं की पित्तनलिकेत गाठ आहे. ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी ते कामावर परतले, अंगाने बारीक झालेले. ११ जुलै २०१५ रोजी ते गेले. वय ५५. क्योतोत त्यांच्या अंत्यसंस्कारांना पावसाळी हवेत चार हजारांहून जास्त माणसं आली. एनएक्स हे मार्च २०१७ मध्ये स्विच या नावाने आलं आणि आजवर १५ कोटींहून जास्त विकलं गेलंय.

त्या स्विचच्या आत एक गोष्ट लपवलेली होती. २०११ पासून इवाता निन्टेंडो डायरेक्ट नावाच्या व्हिडीओंमधून स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, आणि 'थेट तुमच्याकडे' अशा अर्थाने दोन्ही हात पुढे करायचे. २०१७ मध्ये काही हौशी लोकांनी स्विचचं सॉफ्टवेअर उकलून बघितलं तर आत फॅमिकॉमचा गोल्फ सापडला. तोच, १८ होल्सवाला. तो मेनूत कुठेच दिसत नव्हता. तो सुरू व्हायचा एकाच पद्धतीने: मशीनच्या घड्याळात तारीख ११ जुलै हवी, आणि दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर धरून इवातांसारखे हात पुढे करायचे. तारीख खोटी लावून चालायचं नाही, कारण एकदा इंटरनेटला जोडलेलं मशीन खरी तारीखच धरतं. निन्टेंडोने याबद्दल कधी गाजावाजा केला नाही, आणि नंतरच्या एका अपडेटमध्ये तो गेम गुपचूप काढूनही टाकला. त्यामुळे आता ज्यांचं स्विच तेव्हापासून अपडेटच झालेलं नाही, त्यांच्याच मशीनमध्ये तो चालतो, वर्षातून एक दिवस.